झाडासारखी रंगवलेली सायकल

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काल दिवेलागणीला ज्या कुणी माझ्या नवऱ्याला रस्त्याकडेच्या चरात लोटलं, तो आपले डोळे घरी खुंटीला टांगून आला होता का, एवढंच मला विचारायचं आहे. चांगला धडधाकट माणूस, त्याच्याखाली तेवढीच दणकट सायकल, आणि ह्याला दिसेना. बरं, लोटलं ते लोटलं, खाली उतरून हात तरी द्यावा. तेही नाही. धूळ उडवत पसार. असल्या आंधळ्यांच्या हातात गाडी देतं कोण?

हां, आता नमस्कार. वहीला नमस्कार करतात की नाही मला ठाऊक नाही, पण नव्या माणसाशी बोलताना करतात म्हणून केला. ही वही लेकीने पाठवली. फोनवर म्हणाली, "आई, तू बाबांच्या तक्रारी सांगायला लागलीस की इकडे माझं दूध उतू जातं. लिहून काढत जा ना." म्हणजे पोटच्या पोरीला आईचं ऐकायला वेळ नाही, कागदाला सांगा. वर तारीख कशी घालायची ते नातीने शिकवलं. मी तिसरीपर्यंत शिकलेली, त्यात दुसरी दोनदा. अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं आहे, पण वाचणार कोण, मीच. आणि दुसरं कुणी वाचणार नाही म्हणूनच इथे म्हाताऱ्याला अरेतुरे करणार आहे. तोंडावर अहो-जाहो करून जीभ झिजली माझी.

तर म्हातारा. लाकडाच्या वखारीत रात्रपाळीचा राखणदार आहे. राखणदार म्हणजे एक खुर्ची, एक काठी आणि गळ्यात शिट्टी. ते ओंडके चोरायला येणार कोण? उचलता उचलता चोराचीच कंबर जायची. पण ह्याचा तोरा बघाल तर वाटेल, हा एक दिवस गेला नाही की सगळ्या गावाची दारं-खिडक्या अडून राहतील. दिवेलागणीला निघतो, सकाळी येतो. येताना चेनकव्हर इतकं खडखडतं की मला तो कोपऱ्यावर वळल्यापासून ऐकू येतो. रोज झोपमोड.

काल अर्ध्या वाटेतून परत आला तो गुडघा सोलून, हँडल वाकडं करून. विचारलं, "कसली गाडी होती?" म्हणाला, "काळी. मोठी होती." आज सकाळी शेजारची शिंपीण चौकशीला आली तर तिला सांगतो, "पांढरी, लहानशी." मी म्हटलं, "काल काळी होती ती रात्रीतून धुतली का?" तर म्हणे, "अगं, पडताना माणूस गाडीचा रंग बघत बसतो का?" ह्याला कुठलीच गोष्ट दोनदा सारखी सांगता येत नाही. लग्न झालं तेव्हापासून हेच आहे.

एक मात्र मी मान्य करते. सायकल काळी, कोट काळा, टोपी काळी, आणि हल्ली दिवस लहान झालेत. मोटारवाल्याने काय कंदील घेऊन ह्याला शोधायचं? तेव्हा सायकल रंगवायची असं ठरवलं आहे. नोकरी सोडा म्हटलं तर ऐकत नाही, आणि मीही फार ताणत नाही. घरी राहिला तर रात्रभर घोरणं ऐकायचं कुणी?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

हँडल सरळ करायला सायकलवाल्याकडे गेलो. हा सायकलवाला दोन पाने आणि एक पंप घेऊन बसलेला असतो, पण बोलणं असं की जणू विमानं दुरुस्त करून कंटाळून इकडे आला.

म्हाताऱ्याला विचारतो, "आजोबा, कशावर आदळलात?"

मी म्हटलं, "आदळले नाहीत. त्यांना धडक दिली कुणीतरी."

"ब्रेक लावला होतात का, आजोबा?"

"लावला होता," मी म्हटलं.

"धडक मागून बसली की बाजूने?"

"बाजूने."

तो पाना खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आजी, सायकल तुम्ही चालवता का?"

आगाऊ मेला. मी उत्तर दिलं नाही तर म्हातारा "अं, म्हणजे, त्याचं असं झालं" करत बसतो. तेवढ्यात दुसरा माणूस दोन चाकांचं पंक्चर काढून घरी जाईल. दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे मीच बोलते, म्हणून तर आमची कामं होतात.

सायकलवाला म्हणाला, पिवळा रंग घ्या, हल्ली सगळे तोच घेतात. तर म्हातारा आपण होऊन बोलला. आपण होऊन. "पिवळा नको. पिवळा भिंतीत मिसळून जातो. मोठ्या रस्त्यावरच्या झाडांना देतात तसा पाहिजे, खाली विटकरी, वर पांढरा. तो मला कसा लांबून..." आणि थांबला. मग म्हणाला, "लोकांना लांबून दिसतो."

सायकलवाला हसला. मलाही हसू आलं, पण त्याच्या हसण्यात मी सामील झाले नाही. माझ्या नवऱ्याला हसायला मी आहे, बाहेरची माणसं नकोत.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मोठ्या रस्त्याच्या झाडांना दरवर्षी कमरेएवढा रंग देतात. रस्त्याचे मालक कोण असतील ते असोत, ह्या वर्षी त्यांना जाग आली नाही. जुना रंग पार उडाला, बुंधे पुन्हा मातीच्या रंगाचे झाले. आता कुठे रंगारी लागलाय कामाला, तोही थेट पलीकडच्या टोकापासून.

रंगाचा डबा मागायला मीच गेले. रंगारी म्हणाला, "आजोबांची सायकल का? आजोबा ओळखीचे झालेत आता. रोज सकाळी वखारीतून येताना थांबतात, विचारतात, झाडं कुठवर आली? आमच्या बाजूची आधी घ्या म्हणून मागे लागलेत. आमचा साहेबसुद्धा एवढी चौकशी करत नाही."

मी कपाळावर हात मारला. हा ओंडक्यांचा राखणदार, ह्याला जिवंत झाडांच्या उठाठेवी कशाला? पण तोंडावर म्हटलं, "त्यांना झाडांची आवड आहे." बाहेरच्याला काय सांगायचं.

रंगाऱ्याने दोन डबे दिले, तळाशी थोडा थोडा रंग उरलेला, आणि एक टक्कल पडलेला ब्रश. जाताना म्हणाला, "रंगवून झाली की रस्त्याकडेला वाळत नका ठेवू, आजी. माझा जोडीदार झाड समजून दुसरा हात देऊन जाईल."

स्वतःच्याच विनोदावर किती वेळ हसत होता.

रविवार, ९ नोव्हेंबर

रंगवली. कंबर धरली आहे, तरी लिहिते.

आधी पॉलिश पेपरने घासली. वर्षानुवर्षांचं तेल, धूळ आणि म्हाताऱ्याचा आळस, तिन्ही थर निघाले. सीटला जुनं फडकं बांधलं. मडगार्ड, दांडा, चेनकव्हर, कॅरियर, सगळ्यांना आधी पांढरा, मग मधून मधून विटकरी पट्टे. पट्टे सरळ यावेत म्हणून दोरा बांधला होता. दोरा रंगातच चिकटला, ओढला तर सोबत रंगही आला. काही ठिकाणी ओघळ आलेत, मडगार्डवर तर एका माशीने प्राण सोडला. ती तिथेच राहिली आहे.

शिंपीण कुंपणावरून म्हणाली, "आजी, सायकल आहे की रस्त्यावरचं फाटक?"

मी म्हटलं, "तुझ्या त्या उसवलेल्या झंपरांपेक्षा बरी आहे."

म्हाताऱ्याला हाक मारली, बघा म्हटलं. तर बघायचं सोडून सरळ तळहात फिरवला ओल्या रंगावरून. दांड्यावरून, मडगार्डवरून, माशीवरूनसुद्धा. "झकास," म्हणाला. "एकसारखा बसलाय." एकसारखा कुठला बसायला? ओघळ तर मला इथून दिसत होते. मी म्हटलं, "अहो, रंग डोळ्यांनी बघतात, हातांनी नाही." टर्पेंटाइनने त्याचे हात पुसता पुसता अर्धा तास गेला. लहान पोराला एकदा सांगितलं की कळतं.

पण नंतर अंधार पडायला आला तेव्हा तो मुद्दाम फाटकापाशी जाऊन उभा राहिला, तिकडून सायकलीकडे बघत. मग जरा आणखी लांब गेला. मग हसला. मी विचारलं, काय झालं हसायला? म्हणाला, "दिसतेय गं."

दिसणारच. दिसायलाच तर रंगवली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

चार दिवस झाले, पडझड नाही. माझ्या रंगाचा गुण. लोक थांबून बघतात. नाक्यावरच्या रिकामटेकड्यांनी सायकलीचं नाव "झाड" ठेवलंय. "आजोबा, झाड कुठे निघालं?" हसेनात का. हसायला आधी दिसावं लागतं, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

पण म्हातारा दिवसेंदिवस चक्रम होत चालला आहे. आज सकाळी मी मागच्या दारी भांडी घासत होते. हा आला आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरीला विचारतो, "आज एवढ्या लवकर कपडे धुतलेस?" मी मागून म्हटलं, "मी इकडे आहे." तर चपापला, मग म्हणतो, "गंमत केली." गंमत. म्हणजे मी चादरीएवढी दिसते. ह्या वयात बायकोच्या अंगावर विनोद सुचतायत.

चहा बशीत ओततो तो निम्मा बशीबाहेर. पायात एक चप्पल काळी, एक तपकिरी. सांगितलं तर म्हणतो, "दोन्ही माझ्याच आहेत ना?"

आणि वर्तमानपत्र. पूर्वी हा वाचायचा आणि मी ऐकायची. मी मधे हात घातला की हिसकावून घ्यायचा, "तुला एका ओळीला एक तास लागतो" म्हणायचा. आता किती तरी महिने झाले, रोज माझ्यासमोर पेपर टाकतो. "वाच. सवय व्हायला पाहिजे तुला." मी अडखळत अडखळत वाचते, हा डोळे मिटून मास्तरासारखा ऐकतो. चुकले तरी सुधारत नाही. मास्तर कामचुकार आहे, पण एवढं खरं की त्यामुळेच मला आता ही वही भरता येते. बारीक छापलेलंसुद्धा वाचते मी. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांपैकी किती जणींना येतं?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

रंगाचा काही उपयोग नाही, कारण लोक खोटारडे आहेत.

आज सकाळी चेनकव्हर वाजलं नाही. सूर्य वर आला, चहा दोनदा गरम केला, तरी नाही. मी सहज फाटकापाशी उभी होते. तर दुधाची गाडी आली, तीच ती पांढरी, डेअरीवाली. पुढे ड्रायव्हरशेजारी आमचे महाराज कपाळाला रुमाल लावून बसलेले, मागे दुधाच्या कॅनांमध्ये सायकल आडवी.

ड्रायव्हरवर मी तोंडसुख घेणार होते, पण तोच आधी सुरू झाला. "आजी, मला काही बोलू नका. माझी गाडी बंद होती. मी बाजूला उभी करून दुकानात कॅन उतरवत होतो. आजोबा समोरून आले आणि सरळ गाडीवर. ब्रेकसुद्धा नाही."

"ह्यांच्यावर ढकलू नकोस," मी म्हटलं. "एवढी रंगवलेली सायकल तुला दिसली नाही?"

"मला दिसली हो. लांबून दिसली. मी ओरडलोसुद्धा."

"मग?"

तो म्हाताऱ्याकडे बघायला लागला. म्हातारा म्हणाला, "धुकं होतं जरा."

धुकं. आज सकाळी आभाळ घासलेल्या ताटासारखं होतं. पण ड्रायव्हरसमोर मी म्हटलं, "होतंच धुकं. धुक्यात गाडी रस्त्यात उभी करतात का?" तो बिचारा डोकं हलवत गेला. बिचारा म्हणाले मी, पण आहे तो लबाडच. उभ्या गाडीवर कोण आदळतं? आणि तीही पांढरी गाडी, सकाळी, उजेडात.

कपाळाला पट्टी बांधली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चहाडखोर ड्रायव्हर वखारीतही दूध देतो. बातमी मालकापर्यंत गेली. मालकाने निरोप पाठवला: डोळे तपासून डॉक्टरचा दाखला आणा, नाही तर पुढल्या महिन्यापासून दुसरा माणूस बघतो. सायकलवरून पडणारा राखणदार मला परवडणार नाही.

हा मालक चड्डीत होता तेव्हापासून म्हातारा त्याच्या ओंडक्यांपाशी बसतो आहे. त्याच्या बापाने कधी दाखला मागितला नाही.

म्हातारा दिवसभर अंगणात सायकलीपाशी बसून होता, चेनला तेल घालत. मग म्हणाला, "घरी बसवलं तर काय करू मी?"

मी म्हटलं, "माझं डोकं खा. आत्ता अर्धंच खाता."

तो हसला नाही. म्हणाला, "पंधरा दिवसांत मी खुर्ची होईन. तू मला झाडत जाशील, एवढंच."

मला अशा बोलण्याचा राग येतो. दाखला म्हणजे काय मोठं, जायचं आणि आणायचा. सोमवारी जाऊ म्हटलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मिळाला दाखला. खरं म्हणजे मला मिळायला हवा होता.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर माणसं एकमेकांच्या मांडीवर बसायची बाकी होती. तपासणारी बाई तरणी, घामाघूम, एका हाताने लिहीत होती आणि दुसऱ्याने पुढच्याला बोलवत होती. म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं, मी त्याच्या पाठीशी उभी राहिले. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वर एक भलं मोठं अक्षर, मग खाली खाली बारीक होत गेलेली.

बाई म्हणाली, "वाचा."

आता मला सांगा, समोर अक्षरं लावलेली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता वाचायला शिकलेली. तोंड गप्प बसेल का? मी सुरू केलं. हळूच, पण स्पष्ट. "म. ट. र." लगेच म्हातारा म्हणाला, "म, ट, र." मी खालची ओळ घेतली. हा मागोमाग तीच. मी बोलले की तो बोलला. पोपट जसा. एकदा तर मी खोकले तर हा थांबून राहिला, खोकला संपेपर्यंत.

बाई लिहिता लिहिता म्हणाली, "आजी, तुम्ही नका सांगू, त्यांना वाचू द्या."

मी म्हटलं, "मी कुठे सांगतेय? मी माझं वाचतेय." आणि शेवटची ओळसुद्धा वाचली, जी शेजारच्या चष्मेवाल्यालाही आली नव्हती. बाई दमली होती. शिक्का मारला, पुढच्याला हाक मारली.

बाहेर आल्यावर म्हाताऱ्याने माझा हात दाबला. रस्त्यात, दिवसाढवळ्या. मी हात सोडवून घेतला. एवढा काय आनंद झाला? वाचलं मी, शिक्का ह्याला.

आज संध्याकाळी पुन्हा झाडावर बसून वखारीत गेला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

हे सकाळी लिहायला हवं होतं, तेव्हा जमलं नाही. घडलं काल.

काल दुपारी रंगारी आमच्या दारापर्यंत पोचला. फाटकाशेजारी आमचं एक झाड आहे. तसं ते रस्त्याचंच, पण पानं आमच्या अंगणात पडतात आणि झाडते मी, म्हणून आमचं. त्याच्याच बुंध्याला म्हातारा रोज सायकल टेकवून ठेवतो. बुंधा रंगवायचा म्हणून मी ती उचलून पलीकडे भिंतीला लावली. रंगाऱ्याने झाडाला खाली विटकरी, वर पांढरा असा छान हात दिला. माझ्यापेक्षा बरा, ओघळ नाहीत. डबा दाखवून म्हणाला, "बघा आजी, तोच रंग. आता जुळी भावंडं झाली." गेला.

दिवेलागण झाली. म्हातारा कोट-टोपी घालून, शिट्टी गळ्यात अडकवून बाहेर पडला. मी आत खिडकीपाशी दिव्याची चिमणी पुसत होते. सायकल भिंतीशी ठेवलीय हे सांगायचं राहिलं होतं. म्हटलं, दिसेलच, डोळ्यात भरण्यासारखी तर आहे.

तो सरळ झाडाकडे गेला. रोजच्यासारखा, झोकात. डावा हात पुढे करून हँडल धरायला गेला. हाताला बुंधा लागला. हात जरा खाली घेतला, मग जरा वर. मग दुसऱ्या हाताने सीट शोधायला लागला, जिथे सीट असायला हवी तिथे. सालीवरून, ओल्या रंगावरून, सावकाश. सायकल भिंतीला होती, त्याच्यापासून चार पावलांवर. तिच्याकडे त्याने मान वळवलीसुद्धा नाही.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. झाडावर टांग मारणार का, असं काहीतरी. ते आलं नाही. चादर आठवली. पेपर आठवला. रंगावरून फिरणारा हात आठवला. ती दुधाची गाडी. आणि तो तक्ता, आणि माझ्या मागोमाग बोलणारा पोपट. सगळं एकदम अंगावर आलं, फडताळ उघडल्यावर भांडी येतात तसं.

मी बाहेर गेले. त्याला पावलं ऐकू आली, तो तसाच थांबला, दोन्ही हात झाडावर.

"सायकल भिंतीला आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"माहीत आहे तर झाडाची तपासणी कशाला चाललीय?"

तो हसला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी गाडी नव्हती. काळीही नव्हती आणि पांढरीही. झाडांचा रंग गेला, रस्ता कुठे संपतो ते कळलं नाही. चरात गेलो मी."

मी काही बोलले नाही. मला वाटतं, असं पहिल्यांदाच झालं असेल.

तो म्हणाला, "तुला तर माहीतच होतं. त्या दिवशी दवाखान्यात तू वाचून दाखवलंस म्हणून वाचलो. मी विचार करत होतो, आभार मानावेत तर तू ओरडशील."

आता वहीत खोटं कशाला लिहू? मला काही माहीत नव्हतं. मी त्याला वाचवत नव्हते, मी मिरवत होते. पण तिथे उभी राहून मी म्हटलं, "हो. मग? दुसऱ्या कुणी वाचायचं?"

मग सायकल मी धरली. त्याला म्हटलं, कॅरियर धरा आणि मागोमाग चला. अशी आमची वरात निघाली मोठ्या रस्त्याने. पुढे मी, मधे ती विटकरी-पांढरी सायकल, मागे कॅरियर धरून टोपीवाला राखणदार. नवीन रंगवलेल्या झाडांच्या कडेने. नाक्यावरचे रिकामटेकडे काल गप्प होते.

म्हातारा हळूच म्हणाला, "लोक बघतायत का गं?"

"बघतायत."

"मग?"

"बघू देत. त्यासाठीच रंगवलीय."

रविवार, ३० नोव्हेंबर

रात्री झोप लागली नाही, आणि चेनकव्हरही खडखडलं नाही. कालच्यासारखी आज सकाळीही मीच आणायला गेले. वखारीत तो खुर्चीत ताठ बसला होता, काठी मांडीवर. माझी पावलं फाटकापाशी वाजल्याबरोबर शिट्टी मारली. कान शाबूत आहेत. चोरसुद्धा काही अक्षरांचा तक्ता घेऊन येत नाहीत, हे मालकाला कुणीतरी सांगायला पाहिजे. सांगेन मी. पण खोट्या शिक्क्यावर नाही सांगणार.

वाटेत त्याला म्हटलं, उद्या परत डोळ्यांच्या बाईकडे जायचं. तो थांबला. म्हणाला, "सायकल जाईल माझी." मी म्हटलं, "जाईल तर जाईल. माशी मेली मडगार्डवर, तुम्ही मरू नका." बरा होणारा दोष असेल तर बरा होईल. नसेल तर काठी आहे, शिट्टी आहे, मी आहे, पाय आहेत. सायकल तरी ढकलायला चांगली आहे, पिशव्या अडकवता येतात.

घराच्या वळणावर म्हणाला, "तू असशील ना आत?"

नसेन. मी बाहेरच्या बाकावर बसणार आहे, आणि त्या बाईला दार लावून घ्यायला सांगणार आहे, कारण माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही.

म्हणून हे इथे लिहून ठेवते, मोठ्या अक्षरात, आणि उद्या निघण्याआधी स्वतःला वाचून दाखवणार आहे. बाई विचारील काय दिसतं, तर उत्तर म्हाताऱ्याने द्यायचं. दिसत नसेल तर दिसत नाही असंही म्हाताऱ्यानेच सांगायचं. अडखळला तर अडखळू द्यायचं. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही.